सरकारी मुखवट्याची पत्रे आणि छोटा व्यापारी

नवा धंदा नोंदविला गेला की त्याच्या पत्त्यावर काही दिवसांतच अनोळखी टपाल येऊ लागते. त्यातील एखाद्या पाकिटाकडे पाहताच दुकानदार सावरून बसतो. कागद जाड, माथ्यावर राजमुद्रेची आठवण करून देणारे वर्तुळाकार चिन्ह, त्याखाली 'नोंदणी', 'ब्यूरो', 'राष्ट्रीय' असे भारदस्त शब्द, डाव्या बाजूस जावक क्रमांक आणि उजवीकडे 'अंतिम सूचना' असा शिक्का. मजकुरात दुकानाचे नाव, नोंदणी क्रमांक आणि तारीख अचूक दिलेली असते. शेवटी देय रक्कम आणि ती भरण्याची मुदत. रक्कम फार मोठी नसते, दोन-तीन हजारांच्या घरातली असते. पत्राच्या तळाशी, भिंगाखेरीज वाचता येऊ नये अशा टाइपात, ही सेवा ऐच्छिक असून पाठविणारी संस्था खासगी आहे, असे एक वाक्य बहुधा असते. कधी तेवढेही नसते. पैसे भरणाऱ्याला त्यांच्या बदल्यात एखादे शोभेचे प्रमाणपत्र, कोणीही न वाचणाऱ्या सूचीत एक ओळ किंवा शासनाकडून फुकट मिळणारी कागदाची प्रत मिळते.

हा प्रकार वरवर किरकोळ वाटतो. देशातील मोठमोठ्या आर्थिक गैरव्यवहारांच्या तुलनेत दोन हजार रुपयांच्या पत्राची काय मातब्बरी, असे कोणी म्हणेल. परंतु या पत्राने केवळ दुकानदाराचा गल्ला हलका होतो असे नव्हे. नागरिक आणि शासन यांच्यातील पत्रव्यवहार ज्या विश्वासावर चालतो, त्या विश्वासालाच ते हळूहळू पोखरते. म्हणून या व्यवसायाचे अर्थकारण नीट समजून घेणे आवश्यक आहे.

हा व्यवसाय जुना आहे. व्यापाऱ्याच्या नावाची न मागितलेली नोंद एखाद्या सूचीत छापायची आणि मग रीतसर बिलासारखा दिसणारा कागद पाठवून तिचे पैसे मागायचे, हा उद्योग ब्रिटनमध्ये इतका बोकाळला होता की १९७१ च्या अनाहूत वस्तू व सेवा कायद्यात त्यासाठी स्वतंत्र कलम घालावे लागले. व्यापाऱ्याची सही असलेली मागणी असल्याखेरीज अशा नोंदीचे पैसे मागता येणार नाहीत, असे त्या कलमाने ठरविले. अमेरिकेत टपालाद्वारे होणाऱ्या फसवणुकीविरुद्ध १८७२ मध्येच कायदा झाला होता. पुढे तेथे आणखी नेमक्या तरतुदी झाल्या. बिलासारखे दिसणारे परंतु वस्तुतः विक्रीची विनंती असलेले पत्र टपालात टाकायचे असेल, तर हे बिल नाही आणि प्रस्ताव स्वीकारल्याखेरीज पैसे देण्याचे बंधन नाही, असे त्यावर ठळकपणे छापणे आवश्यक ठरले. सरकारी वाटणाऱ्या खासगी पत्रांनाही तशाच प्रकारची अट लागू झाली.

पत्रे पाठविणाऱ्यांना इतकी अचूक माहिती मिळते कोठून, हा प्रश्न साहजिक आहे. तिच्यासाठी चोरी करावी लागत नाही, ती शासनच प्रसिद्ध करते. भारतात व्यापारचिन्हांचे नियतकालिक दर आठवड्याला प्रसिद्ध होते आणि त्यात अर्जदाराचे नाव, पत्ता, चिन्ह व अर्ज क्रमांक असतो. कंपन्यांच्या नोंदवहीतील मूलभूत माहितीही कोणालाही पाहता येते. ही प्रसिद्धी निरर्थक नाही. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार एखादे चिन्ह प्रसिद्ध झाल्यापासून चार महिन्यांच्या आत कोणाही व्यक्तीला त्यास विरोध नोंदविता येतो, आणि अर्ज प्रसिद्धच झाला नाही तर हा हक्क पोकळ ठरेल. तेव्हा नोंदवह्यांना कुलूप लावणे हा त्यावरचा उपाय नव्हे. सार्वजनिक हितासाठी उघडी ठेवलेली माहिती खासगी लबाडीचे भांडवल बनते, ही या प्रश्नातील खरी अडचण आहे.

व्यापारचिन्हांच्या बाबतीत हा उपद्रव देशांच्या सीमा ओलांडून पसरला आहे. माद्रिद करारपद्धतीत भारत २०१३ च्या जुलैमध्ये सामील झाला. तेव्हापासून कोल्हापूरचा किंवा नाशिकचा निर्यातदारही एकाच अर्जाद्वारे अनेक देशांत आपल्या चिन्हासाठी संरक्षण मागू शकतो. मात्र अर्ज जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे नोंदला गेला की संघटनेच्या नावाशी साम्य असलेल्या भलत्याच संस्थांची मागणीपत्रे त्याच्याकडे येऊ शकतात. हा त्रास इतका नित्याचा झाला आहे की त्या संघटनेने अशा दिशाभूल करणाऱ्या बिलांचे नमुनेच आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करून अर्जदारांना सावध केले आहे. अमेरिकेच्या पेटंट व व्यापारचिन्ह कार्यालयानेही तोच मार्ग स्वीकारला आहे. त्याच देशात लाटव्हियाच्या एका नागरिकाने खऱ्या कार्यालयाच्या नावाशी जवळजवळ तंतोतंत जुळणाऱ्या नावाच्या कंपन्या काढल्या आणि व्यापारचिन्हांच्या हजारो धारकांकडून नूतनीकरणाच्या नावाखाली वाढीव रकमा उकळल्या. २०२१ मध्ये त्याला चार वर्षांहून अधिक तुरुंगवासाची शिक्षा झाली आणि सुमारे ४५ लाख डॉलरची भरपाई देण्याचा आदेश झाला. असा निकाल क्वचितच लागतो. एरवी पाठविणारा एका देशात, बँकेचे खाते दुसऱ्या देशात आणि फसलेला व्यापारी तिसऱ्या देशात, अशी स्थिती असते.

देशांतर्गत चित्रही फारसे वेगळे नाही. केंद्र सरकारने १ जुलै २०२० पासून सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी 'उद्यम' नोंदणी सुरू केली. ही नोंदणी पूर्णतः निःशुल्क आहे. ती स्वयंघोषणेवर आधारलेली असून तिचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागत नाही. तरीही 'उद्यम' हे नाव आणि तिरंगी सजावट मिरविणारी खासगी संकेतस्थळे उद्योजकांकडून याच नोंदणीसाठी पैसे घेतात, आणि शासकीय संकेतस्थळाला आपल्याखेरीज अन्य कोणतीही खासगी यंत्रणा या कामासाठी अधिकृत नाही, असे जाहीर करावे लागले आहे. आयात-निर्यात क्रमांकाची कथा तशीच. २०२१ पासून त्या क्रमांकाची माहिती दरवर्षी एप्रिल ते जून या काळात अद्ययावत करणे आवश्यक झाले आणि या मुदतीत त्यासाठी शुल्क लागत नाही. परंतु 'आपला क्रमांक रद्द होणार आहे' या एका वाक्याने निर्यातदाराची झोप उडविता येते, हे लबाडांनी ओळखले. विदेश व्यापार महासंचालनालयालाही बनावट संकेतस्थळांविषयी इशारे द्यावे लागले. पाकीट आता पोस्टमननेच आणावे असे राहिलेले नाही. ते ई-मेलने येते, भ्रमणध्वनीवर येते. मुखवटा मात्र तोच असतो.

या व्यवसायाचे गणित साधे आहे. समजा, एकाने १०,००० पत्रे पाठविली आणि छपाई व टपालहशील धरून प्रत्येकास १० रुपये खर्च आला. म्हणजे एकूण खर्च १ लाख रुपये. मागितलेली रक्कम ३,००० रुपये असेल, तर शंभरातील केवळ दोघांनी पैसे भरले तरी ६ लाख रुपये जमा होतात. अठ्ठ्याण्णव टक्के लोक शहाणे निघाले तरी धंदा तोट्यात जात नाही. पत्र कागदाऐवजी ई-मेलने गेले तर खर्च जवळजवळ नाहीसाच होतो, आणि मग हजारातील एक भोळा माणूसही पुरतो. रक्कम लहान ठेवण्यामागेही हिशेब असतो. तीन हजार रुपयांसाठी वकील कोण करणार, पोलीस ठाण्याच्या पायऱ्या कोण चढणार आणि दुकान बंद ठेवून दिवस कोण घालविणार? प्रत्येकाचे नुकसान तक्रारीच्या खर्चाहून कमी आणि सर्वांचे मिळून मात्र मोठे. विखुरलेल्या माणसांना समान हितासाठी एकत्र येणे किती कठीण असते, याचे विवेचन मॅन्कर ओल्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ मध्येच केले होते. पत्रे पाठविणाऱ्यांनी ओल्सन वाचलेला नसेल, पण त्याचा सिद्धांत त्यांना अनुभवाने ठाऊक आहे.

ही पत्रे छोट्यांनाच का बाधतात? मोठ्या कंपनीत कायदा विभाग असतो, हिशेब तपासनीस असतो, बिल मंजूर करण्याची साखळी असते. छोट्या धंद्यात मालक हाच खरेदीदार, विक्रेता, हिशेबनीस आणि प्रसंगी हमालही असतो. त्याला वस्तू व सेवा कर, व्यवसाय कर, दुकान व आस्थापना, अन्न परवाना, वजनमापे अशा कितीतरी खात्यांशी संबंध ठेवावा लागतो. यातील कोणते खाते कोणत्या महिन्यात काय मागेल, याची पूर्ण यादी त्याच्याजवळ नसते. मागणी आली तर ती खरी असणार, असे गृहीत धरण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. त्याचे हे वागणे मूर्खपणाचे नव्हे. दोन हजार रुपये वाचविण्याच्या नादात परवाना गमावण्याचा धोका पत्करण्यापेक्षा ते भरून टाकणे त्याच्या दृष्टीने शहाणपणाचेच असते. त्याच्या या रास्त सावधगिरीवरच लबाड आपली उपजीविका करतो.

येथे शासनाच्या वाट्याची जबाबदारीही सांगितली पाहिजे. बनावट नोट चालते ती खऱ्या नोटेसारखी दिसते म्हणून. बनावट नोटीस चालते तीही खऱ्या नोटिशीसारखी वाटते म्हणून. खरे सरकारी पत्र जर सुबोध असते, पैसे कोणत्या कलमाखाली व कशासाठी मागितले आहेत हे पहिल्या दोन ओळींत सांगत असते, तर त्याची नक्कल करणे अवघड गेले असते. प्रत्यक्षात खरे पत्रही बहुधा दुर्बोध इंग्रजीत किंवा त्याहून दुर्बोध अशा अनुवादित मराठीत असते. त्यात कलमांची आणि परिपत्रकांची दाटी असते, धमकी आधी येते आणि खुलासा शेवटी, कधी तोही नाही. मराठी राज्याच्या राजभाषेचा कायदा १९६४ चा. परंतु दुकानदाराच्या हाती पडणाऱ्या अनेक कागदांपर्यंत, विशेषतः केंद्रीय खात्यांच्या कागदांपर्यंत, त्याची भाषा आजही पोचलेली नाही. सरकारी पत्र समजायचे नसते, त्यास भ्यायचे असते, हा धडा शासनानेच पिढ्यान्‌पिढ्या दिला. लबाडाने त्या धड्याचा फक्त उपयोग करून घेतला.

याचा परिणाम काय होतो? एकदा फसलेला व्यापारी पुढच्या वेळी दोहोंपैकी एक मार्ग धरतो. एक तर तो येईल ते मुकाट्याने भरत राहतो, नाहीतर येईल ते केराच्या टोपलीत टाकतो. दुसरा मार्ग अधिक धोक्याचा आहे. व्यापारचिन्हास कोणी विरोध नोंदविला, तर त्याची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत अर्जदाराने उत्तर द्यावे लागते; न दिल्यास अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते. वस्तू व सेवा कराची नोंदणी रद्द का करू नये, अशा नोटिशीस उत्तर देण्यासाठी नियमांत सात कामकाजाचे दिवस आहेत. ही खरी पत्रे 'पुन्हा तसलेच काहीतरी' म्हणून बाजूस पडली, तर दहा वर्षे कमावलेले नाव किंवा धंदा करण्याचा हक्क हातचा जाऊ शकतो. वाईट नाणे चांगल्या नाण्याला चलनातून हुसकावते, हा ग्रेशमच्या नावाने ओळखला जाणारा नियम पत्रांनाही लागू पडतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात हेच दाखविले की, अप्रामाणिकपणाची किंमत फसलेल्याच्या नुकसानीपुरती मर्यादित नसते. प्रामाणिक व्यवहार बाजारातून उठून जातो ही हानीही त्यात मोजावी लागते. येथे उठून जाणारी वस्तू म्हणजे शासनाच्या शब्दाची पत होय.

आता कायद्याकडे वळू. शासकीय अधिकारी असल्याचा बहाणा करणे, फसवणूक करणे आणि तोतयेगिरीने फसवणूक करणे हे भारतीय न्याय संहितेच्या अनुक्रमे २०४, ३१८ व ३१९ या कलमांखाली गुन्हे आहेत. राजमुद्रेच्या गैरवापरास २००५ चा कायदा प्रतिबंध करतो. बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापराविरुद्धचा कायदा १९५० चा असून त्यात मुळात दंडाची कमाल मर्यादा ५०० रुपये होती. उघड तोतयासाठी हे कायदे पुरेसे आहेत. परंतु चतुर माणूस राजमुद्रा छापत नाही, तिच्यासारखे दिसणारे काहीतरी छापतो. तो स्वतःला अधिकारी म्हणवीत नाही, फक्त अधिकाऱ्याच्या भाषेत लिहितो. आणि तळाशी ती बारीक टाइपातील ओळ असते, जी न्यायालयात त्याच्या कामी येते. ग्राहक संरक्षणाच्या २०१९ च्या कायद्यात व्यापारी हेतूने घेतलेली सेवा सामान्यतः ग्राहकाच्या व्याख्येबाहेर राहते, त्यामुळे त्या दारातही दुकानदारास अडखळावे लागते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी तेरा फसव्या आकृतिबंधांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि त्यांत वेषांतर केलेल्या जाहिरातीचाही समावेश केला. मात्र त्यांचा रोख डिजिटल मंचांवर आहे. टपालाने आलेल्या कागदापर्यंत ती पोचत नाहीत.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. व्यापारी हा अजाण बालक नव्हे, त्याने कागद वाचून सही करावी. न वाचता केली तर दोष त्याचा. हा युक्तिवाद ऐकण्यास करकरीत वाटतो, परंतु तो टिकत नाही. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापुढे २०१२ मध्ये असेच एक प्रकरण आले. व्यवसायसूचीत नाव घालण्याच्या साध्या अर्जासारखा दिसणारा तो कागद होता आणि वार्षिक शुल्काचा उल्लेख त्याच्या मजकुरात दडविलेला होता. कागदाच्या एकंदर स्वरूपावरून वाचणाऱ्यास जी अट अपेक्षित नसते, अशी अनपेक्षित अट कराराचा भाग होत नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. आणि सही करणारा स्वतः व्यावसायिक होता, ही बाब त्याच्या आड आली नाही. करार म्हणजे दोन मनांची भेट. एका मनाने दुसऱ्यापासून लपून बसायचे ठरविले असेल, तर भेट झाली असे कसे म्हणता येईल?

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. कर सल्लागार, नोंदणीची कामे करणारे मध्यस्थ, चिन्हांचे वकील हे सर्व फी घेऊन मदत करतात. त्यांच्यावर बंधने आली तर प्रामाणिक सेवाही महाग होईल. ही भीती समजण्यासारखी आहे, परंतु येथे गरज आहे ती मुखवटा हटविण्याची, फी बंद करण्याची नव्हे. आपण खासगी आहोत आणि हे काम तुम्हाला स्वतः, कदाचित फुकट करता येते, हे सांगूनही जो ग्राहक मिळवितो त्याच्या धंद्यास कायद्याचा उपद्रव होण्याचे कारण नाही. सत्य सांगितल्याने ज्याचा धंदा बसतो, त्याचा धंदा बसणेच इष्ट.

उपाय फार खर्चाचे नाहीत. पहिला, अमेरिकेच्या धर्तीवर नेमकी तरतूद व्हावी: बिलाच्या किंवा सरकारी पत्राच्या स्वरूपात पाठविलेल्या प्रत्येक खासगी विनंतीवर, रकमेचा आकडा ज्या आकाराच्या टाइपात छापला असेल त्याच आकाराच्या टाइपात आणि पत्ता असलेल्या राज्याच्या भाषेत, 'हे शासकीय पत्र नाही; पैसे देणे बंधनकारक नाही' असे छापले जावे. टपालखात्याचा १८९८ चा जुना कायदा जाऊन २०२३ चा नवा कायदा १८ जून २०२४ पासून अमलात आला. अशा सुधारणेचा विचार करण्यास ती वेळ अनुकूल होती, पण ती संधी हुकली. अमेरिकेतही अशी पत्रे थांबलेली नाहीत, हे खरे. तरतुदीमुळे पत्र बंद पडत नाही, परंतु ती न पाळणाऱ्यास दोषी ठरविणे सोपे होते, आणि हा लाभ लहान नाही.

दुसरा उपाय शासनाच्या घरातला आहे. आयकर खात्याने १ ऑक्टोबर २०१९ पासून आणि अप्रत्यक्ष कर मंडळाने त्याच वर्षीच्या ८ नोव्हेंबरपासून आपल्या पत्रांवर संगणकाने दिलेला क्रमांक छापण्यास आरंभ केला. तो क्रमांक संकेतस्थळावर घातला की पत्र खरे की खोटे हे कळते. वस्तू व सेवा कराच्या पोर्टलवरून निघणाऱ्या पत्रांचा संदर्भ क्रमांकही तसाच पडताळता येतो. ही सोय स्तुत्य आहे. ती ग्रामपंचायतीपासून नोंदणी कार्यालयापर्यंत सर्वत्र व्हावी आणि पडताळणी कशी करायची ते त्याच पत्रावर सोप्या मराठीत छापावे. तिसरा उपाय तर जवळजवळ फुकटचा आहे: अर्ज स्वीकारतानाच पावतीवर दोन ओळी असाव्यात की, आपला पत्ता प्रसिद्ध होणार आहे, त्यावर अशी पत्रे येतील आणि आमचे शुल्क फक्त अमुक खात्यातच भरावे. नमुन्यादाखल अशा पत्रांच्या प्रती जिल्हा उद्योग केंद्राच्या फलकावर लावल्या, तर तालुक्याच्या व्यापाऱ्यांत बोलबाला होण्यास वेळ लागणार नाही. आणि व्यापारी संघांनी एकेका सभासदाच्या तीन हजारांची तक्रार न करता पन्नास सभासदांची दीड लाखाची तक्रार एकत्रितपणे केली, तर ती फाईल बाजूस सारणे कोणत्याही ठाण्यास अवघड जाईल. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब कळविणे श्रेयस्कर.

शेवटी कार्यालयातील कारकून आणि वर्गातील शिक्षक यांच्याकडेही या प्रश्नाचा थोडा भाग येतो. नोटिशीचा मसुदा बहुधा कारकुनाच्या टेबलावर तयार होतो. कोणत्या कलमाखाली, कशासाठी, किती आणि न दिल्यास काय, ही चार उत्तरे त्याने पहिल्या परिच्छेदात लिहिली तर त्याचे पत्र इतरांहून वेगळे ओळखू येईल. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला आपण बिल, चलन आणि पावती यांच्या व्याख्या पाठ करावयास लावतो. पण समोरचा कागद या तिहींपैकी कोणता आहे, की कोणताच नाही, हे ओळखण्यास त्याला क्वचितच शिकवितो. त्या विद्यार्थ्यांपैकी कितीतरी जण उद्या वडिलांच्या दुकानात बसणार आहेत. तेथे आलेले पाकीट उघडून 'हे कोणी पाठविले, कोणत्या अधिकाराने?' एवढा प्रश्न त्यांनी विचारला, आणि खऱ्या कार्यालयाला त्याचे सरळ उत्तर देता आले, तर त्या प्रश्नापुढे मुखवट्याची पत्रे फार काळ टिकणार नाहीत.